हातचा

तुमची वही गादीखाली सापडली, लोडेवेक.
अक्षर तुमच्या भाषेतलं, मला लागत नाही.
पण आकडे ते आकडेच.
बावीस वर्षं दुकान चालवलंय मी,
आकडा कुठल्या का गावचा असेना, माझ्याशी बोलतो.

नऊ म्हणजे अंडं.
पस्तीस, पाण्याचा जार.
सहाशे चाळीस, तो चीजचा तुकडा.
दुमागेतेहून बोटीने यायचा, येईतो घामाघूम,
आणि तुम्ही नखाएवढा कापून
पायरीवर बसून, डोळे मिटून खायचात.
त्या आकड्याखाली दर वेळी दोन रेघा,
चोरी केल्यासारख्या.

चार हजार एकशे दहा. एप्रिलचं विजेचं बिल.
रात्रभर तुमचा एसी घरघरायचा
आणि भिंतीमागे आम्ही पाच जणं
त्याने बाहेर टाकलेल्या वाफेत.
बोलले नाही कधी. भाडं वेळेवर यायचं.
मे महिन्यात आकडा निम्मा:
तुम्ही माझा जुना पंखा मागून नेलात.
जाळी पुसता पुसता म्हणालात,
"सगळे सांगायचे, तिकडे स्वस्त आहे."
मी म्हटलं, आहे की.
कोणाला, ते दोघांनीही विचारलं नाही.

दर दोन महिन्यांनी एक लठ्ठ आकडा, व्हिसाच्या शिक्क्याचा.
बेटावर राहण्याचं हेही भाडंच,
फक्त माझ्या गल्ल्यात न येणारं.

एकच आकडा लागेना.
दर शनिवारी दीडशे.
आणि समासात पेन्सिलीने, बारीक:
बारा. चाळीस. सात.
एकदा शून्य, भोवती गोल काढलेला.
कोंबड्यांची झुंज म्हणावी, तर तुम्हाला रक्त बघवायचं नाही.
बाई म्हणावी, तर सिकिहोरमध्ये
असलं गुपित दीडशेत टिकत नाही.

शेवटी एउफेमियोने सांगितलं, तो तिचाकीवाला.
"धक्क्यावर न्यायचो, परत आणायचो.
बाकावर बसायचे घड्याळ काढून.
बोट लागली की लिहायचे काहीतरी, की चला.
न्यायला कोणालाच यायचे नाहीत."

एकतीस वर्षं अँटवर्पमध्ये बस हाकली तुम्ही.
तीन मिनिटं उशीर झाला तर
थांब्यावरची माणसं कशी बघायची,
ते एकदा करून दाखवलं होतंत, आम्ही हसून लोळलो.
तर बारा मिनिटं. चाळीस मिनिटं. सात.
आणि त्या शून्याच्या दिवशी
तुम्ही माझ्यासाठी उब्याचं आईस्क्रीम आणलंत.
का, विचारलं तर नुसते मान हलवत राहिलात.
तेही आहे वहीत: पंच्याऐंशी, दोनदा.

मग पंच्याहत्तरी लागली, विम्यावाल्यांनी हात वर केले,
खुब्याचं हाड काही थांबायला तयार नव्हतं.
शेवटच्या पानावर एकच वजाबाकी
चार वेळा केलीत.
चारही वेळा बरोबर होती.

आता तुमच्या खोलीत दोघं आहेत,
तिशीतली, मांडीवर लॅपटॉप.
मी भीतभीत दुप्पट सांगितलं.
"एवढंच?" म्हणाली ती.
त्या रात्री मी झोपले नाही. आनंदाने, असं नाही म्हणणार.
कारण गावात खोली शोधणाऱ्या माझ्या मारिविकलाही
घरमालकाने तोच आकडा सांगितला,
आणि तिला काही "एवढंच" म्हणता आलं नाही.

शाळेत बाई शिकवायच्या:
एका घरात मावलं नाही की हातचा धरायचा,
शेजारच्या घरात मिळवायचा.
तुम्ही अँटवर्पच्या घरात मावला नाहीत.
मारिविक इथल्या.
ती सेबूला निघाली, पोराला माझ्याकडे ठेवून.

शनिवारी धक्क्यावर गेले तिला सोडायला.
तुमच्याच बाकावर बसलो.
बोट एकोणीस मिनिटं उशिरा.
घरी येऊन वहीच्या समासात लिहिलं मी, १९,
आणि शेजारी खर्च लिहायला पेन्सिल टेकवली
तर हात थांबला.

एउफेमियो माझ्याकडून
जाऊन-येऊन साठ घेतो.